रूळ कुठून न्यायचे ते ठरलं नाही, पण पेट्या भरून पाखरं आली: अमेरिकेतला १८५३ चा रेल्वे सर्व्हे

घाटवाट

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच महिने डोक्यात घोळतोय, आज बसून लिहून काढतो, जरा लांबेल.

मी तेहतीस वर्षं रेल्वेच्या सर्व्हेत काढली. लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बीण), स्टाफ (समोर उभी धरायची आकड्यांची पट्टी), साखळी घेऊन डोंगरात हिंडायचं आणि फील्डबुकात लिहायचं ते एवढंच की चढ किती, कटिंग किती खोल, भराव किती, नाल्यावरचा पूल किती गाळ्यांचा. झाडावर काय बसलंय हे कुणी कधी विचारलं नाही. त्यामुळे १८५३ साली अमेरिकेत लाईन शोधायला जी पथकं निघाली त्यांच्या सामानात पक्ष्यांची कातडी सोलायची हत्यारं, सोमलाचे (म्हणजे आर्सेनिकच्या विषाचे) डबे आणि साप-मासे बुडवून ठेवायला अल्कोहोलची पिंपं होती हे वाचलं तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ना, त्याच्या दीडएक महिना आधी अमेरिकन काँग्रेसने दीड लाख डॉलर मंजूर केले आणि युद्धखात्याला सांगितलं की मिसिसिपी नदीपासून पॅसिफिक महासागरापर्यंत रेल्वेला सगळ्यात सोयीचा रस्ता कुठला ते शोधून द्या. मुदत किती, तर १८५४ च्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे जेमतेम दहा महिने! आज एका घाटाचा फायनल लोकेशन सर्व्हे दहा महिन्यांत उरकला तर आम्ही पेढे वाटतो, आणि हे अख्खं खंड ओलांडणार होते.

युद्धमंत्री होता जेफरसन डेव्हिस, जो पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा अध्यक्ष झाला. उत्तरेच्या लोकांना लाईन उत्तरेकडून हवी, दक्षिणेच्या लोकांना दक्षिणेकडून, आणि त्या भांडणाच्या मुळाशी गुलामगिरी, कारण लाईन जाईल तिकडे वस्ती जाणार आणि वस्तीबरोबर कायदा जाणार. तेव्हा म्हणाले मोजून या. ४७ ते ४९ अक्षांशावर आयझॅक स्टीव्हन्स, ३८-३९ वर कॅप्टन गनिसन, ३५ वर लेफ्टनंट व्हिपल, ३२ वर एका टोकाकडून पोप आणि दुसऱ्या टोकाकडून पार्क, कॅलिफोर्नियात विल्यमसन. सगळे परत आले आणि जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं की आमच्याकडून लाईन जाते! डेव्हिसने ३२ अक्षांशाच्या बाजूने कौल दिला, तो उत्तरेने मानला नाही, भांडण होतं तिथेच राहिलं. शेवटी दक्षिण फुटून निघाल्यावर १८६२ ला कायदा झाला आणि १० मे १८६९ ला यूटात प्रॉमंटरीला रूळ जुळले.

पण मला सांगायचंय ते नमुन्यांचं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत स्पेन्सर बेअर्ड नावाचा माणूस होता. १८५० मध्ये २७ वर्षांचा असताना तिथे सहायक सचिव म्हणून आला तो स्वतः जमवलेल्या नमुन्यांनी रेल्वेचे दोन मालडबे भरून घेऊनच आला. त्याने ओळखलं की प्रत्येक पथकाला डॉक्टर तर लागणारच आहे, मग असाच डॉक्टर मिळवून द्यावा ज्याला पाखरं, प्राणीही कळतात. तशी माणसं त्याने भरली, त्यांना सूचना लिहून दिल्या, पेट्या दिल्या. आणि १८५५ ते १८६० या काळात या सर्व्हेचे जे बारा जाडजूड खंड निघाले त्यातले कितीतरी भाग सस्तन प्राणी, पक्षी, साप, मासे, वनस्पती आणि दगड यांचे आहेत. त्या छपाईलाच दहा लाख डॉलरच्या वर खर्च आला म्हणतात, सर्व्हेच्या पहिल्या मंजुरीच्या सहापट.

आता गनिसनबद्दल. ऑक्टोबर १८५३, यूटातली सेव्हिअर नदी. मुख्य तळ मागे ठेवून गनिसन डझनभर माणसं घेऊन नदी आणि तळं बघायला पुढे गेला. काही आठवडे आधी तिथून गेलेल्या एका स्थलांतरित टोळीने पाहव्हांट जमातीच्या एका म्हाताऱ्याला मारलं होतं. २६ ऑक्टोबरला सकाळी न्याहारीच्या वेळेला त्याचा सूड या लोकांवर उगवला. आठ माणसं गेली, त्यात गनिसन, चित्रकार रिचर्ड कर्न आणि फ्रेडरिक क्रॉइट्झफेल्ट. हा क्रॉइट्झफेल्ट पथकाचा वनस्पतीतज्ञ, नमुने गोळा करायचं काम याच्याकडे. त्याच पथकाने कोलोरॅडोत कोचेटोपा खिंडीत एक बिळात राहणारा प्राणी मिळवला होता, तो वॉशिंग्टनला सुखरूप पोचला, बेअर्डने १८५५ ला त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं गनिसनचं. सिनोमिस गनिसोनाय, गनिसनचा प्रेअरी डॉग. कॅप्टनच्या नावाने आज प्राणी आहे, नदी आहे, गाव आहे. क्रॉइट्झफेल्टचं नाव कुणाला माहीत नाही. आमच्यातही नकाशाच्या खाली सही साहेबाची असते, चिखलात उभं राहून स्टाफ धरणारा खलाशी (सर्व्हेतला मदतनीस मजूर) कुठे दिसत नाही, म्हणून हे जास्त लागलं मला.

कुणाला यातलं अजून माहीत असेल तर लिहा.

सुगरण

काका, काय विषय काढलात! मी पक्ष्यांच्या नमुन्यांच्या संग्रहात काम करते, आमच्याकडे बेअर्डचं नाव आदराने घेतात.

स्किन, म्हणजे जपून ठेवायचं पक्ष्याचं कातडं, कशी करतात ते सांगते म्हणजे त्या लोकांनी काय सोसलं असेल ते कळेल. पक्षी पाठीवर झोपवायचा, छातीच्या हाडाच्या खालपासून मागेपर्यंत एक चीर द्यायची, आतलं सगळं धड हळूहळू बाहेर घ्यायचं, कवटी, पंखांची आणि पायांची हाडं तेवढी ठेवायची. चरबी खरवडायची, कारण चरबी राहिली की काही वर्षांनी कातडं पिवळं पडून फाटतं. मग आतून सोमल चोळायचा म्हणजे किडे लागत नाहीत, डोळ्यांच्या जागी आणि अंगात कापूस भरायचा, चीर शिवायची, पिसं एकेक करून जागेवर बसवायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची. मला चिमणीएवढ्या पक्ष्याला एसीत बसून, चांगल्या उजेडात, पाऊण तास लागतो. हे लोक दिवसभर खेचरावर बसून वीसएक मैल जायचे आणि रात्री तळावर शेकोटीच्या उजेडात हे करायचे, बोटाला सोमल लागलेला, आणि सकाळी परत पेट्या बांधायच्या.

मासे आणि सापांचं वेगळं. ते कापडात गुंडाळून अल्कोहोलमध्ये, आणि कागदाची चिठ्ठी तिथे टिकणार नाही म्हणून आकडा ठोकलेला कथलाचा बिल्ला.

एक गोष्ट मला फार आवडते. विल्यमसनच्या १८५५ च्या सर्व्हेत, कॅलिफोर्नियातून ओरेगॉनकडे जाताना, जॉन न्यूबेरी हा डॉक्टर-भूशास्त्रज्ञ बरोबर होता. त्याला क्लामथ सरोवराच्या बाजूला एक सुतारपक्षी मिळाला, काळाभोर अंग, गळ्यावर लाल पट्टी, पोट पिवळं. त्याने पथकप्रमुखाचं नाव देऊन नवी जात म्हणून छापली. त्याच्या काही वर्षं आधी कॅसिन नावाच्या पक्षीतज्ञाने तपकिरी डोक्याचा, अंगभर आडव्या पट्ट्यांचा एक सुतार वेगळी जात म्हणून नोंदला होता. दोन जाती म्हणून पंधरा-सोळा वर्षं सगळे मानत राहिले. १८७३ ला कोलोरॅडोत हेन्शॉ नावाच्या माणसाला ते दोघं एकाच ढोलीवर, एकाच घरट्यात दिसले. एक नर आणि एक मादी! ड्रॉवरमध्ये शेजारीशेजारी ठेवले तरी आजही विश्वास बसत नाही इतके वेगळे दिसतात. नमुना किती सांगतो आणि किती सांगत नाही हे नवीन मुलांना समजावताना मी हीच गोष्ट सांगते.

उंबरठा

लेख आवडला, पण मनात आलेलं बोलते. इतके जीव मारून पेट्या भरल्या याचं कौतुक करताना मला जड जातं. आणि ती जमीन कुणाची होती? तिथल्या लोकांना विचारून कुणी गेलं होतं का?

सुगरण

उंबरठाताई, पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं सांगते. मलाही हातात मेलेला पक्षी घेताना दर वेळी काहीतरी होतं, ते जाऊ नये असंच वाटतं. पण तेव्हा दुर्बिणीने बघून खात्रीने ओळखायची सोय नव्हती आणि उडत्या पाखराचा फोटो काढता येईल असा कॅमेरा तर नव्हताच. १८५८ मध्ये बेअर्डने याच सर्व्हेच्या नवव्या खंडात उत्तर अमेरिकेतल्या ७३८ जातींचे पक्षी मांडले, पुढची कितीतरी वर्षं तेच लोकांच्या हातात होतं. कुठला पक्षी त्या काळी कुठपर्यंत होता हे आज सांगायचं झालं तर त्या चिठ्ठ्यांशिवाय फारसा दुसरा पुरावा नाही. शेतं, गावं, धरणं होण्याच्या आधीचं ते शेवटचं मोजमाप आहे.

शब्दवेल्हाळ

दुसऱ्या प्रश्नाला मी येतो, कारण तो खरंच टाळता येत नाही.

स्टीव्हन्स हा उत्तरेच्या सर्व्हेचा प्रमुख होताच, शिवाय वायव्येकडच्या नव्या वॉशिंग्टन टेरिटरीचा (राजधानीचं शहर नव्हे, अजून राज्य न झालेला मुलूख) गव्हर्नरही होता. डिसेंबर १८५४ पासून त्याने तिथल्या जमातींशी एकामागून एक करार केले, लाखो एकर जमीन सोडायला लावली आणि १८५५ मध्ये याकिमा युद्ध पेटलं. मोजणी करायला आणि जमीन घ्यायला तोच माणूस, त्याच वाटेने. आपल्याकडे गावात मोजणीवाले आले की म्हाताऱ्यांचा जीव खालीवर का होतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणि तरी ही पथकं उभी राहिली ती त्याच लोकांच्या आधारावर. व्हिपल १८५४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडो नदीशी पोचला तेव्हा मोहावी लोकांनी त्याला नदी पार करायला मदत केली, आणि इरातेबा नावाच्या त्यांच्या मुखियाने पुढचं वाळवंट पार करायला वाट दाखवली. पाणी कुठे आहे हे त्याला माहीत होतं, व्हिपलच्या कुठल्याच उपकरणाला नाही. खिंडी, नद्या, झरे, सगळं आधी तिथल्या लोकांनी सांगितलेलं, मग यांनी मोजलेलं.

नमुन्यांसारखेच शब्दही गोळा झाले. उत्तरेकडे जॉर्ज गिब्ज होता, भूशास्त्रज्ञ म्हणून गेलेला, त्याने जमातींच्या शब्दांच्या याद्या केल्या. व्हिपलच्या अहवालातही वेगवेगळ्या भाषांच्या याद्या छापल्यात. पाणी, आग, आई, एक, दोन, तीन, असे साधे शब्द. पशुपक्ष्यांच्या जाती मोजायला गेलेल्यांनी लिहून ठेवलेले शब्द आज त्या भाषा परत शिकणाऱ्या नातवंडांच्या उपयोगाला येतात, आणि ज्या सर्व्हेमुळे त्यांचे पूर्वज रानोमाळ झाले त्याच सर्व्हेच्या कागदात हे शब्द सापडतात. मला हे वाचताना गलबलून येतं.

अजून एक. उत्तरेच्या पथकाबरोबर जॉन मिक्स स्टॅनली हा चित्रकार होता. त्याने त्या लोकांची काढलेली चित्रं स्मिथसोनियनमध्ये टांगली होती, जानेवारी १८६५ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. दोनशेच्या आसपास.

डेन्व्हरकर

काका, मी कोलोरॅडोत राहतो आणि गनिसन गावाला दर उन्हाळ्यात जाणं होतं. तुमचा लेख वाचून गेल्या रविवारी मुद्दाम मुलीला घेऊन तिकडे गेलो.

मोठ्या खारीएवढा गुबगुबीत प्राणी, रंग सुक्या गवताचा, शेपूट आखूड आणि टोकाला पांढुरकी. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा केलेला, त्यावर दोन पायांवर उभा राहतो, हात पोटावर, अगदी देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या आजोबांसारखा. आम्ही गाडीतून उतरलो आणि एकाने चीक-चीक-चीक असं सुरू केलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने, आणि मिनिटभरात अख्खी वसाहत जमिनीत गेली. मुलगी हलायला तयार नव्हती, परत वर येईपर्यंत पाऊण तास बसलो.

तिथून पुढे ब्लॅक कॅन्यन आहे. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या भिंती, खाली नदीची रेघ. गनिसनने बघून सांगितलं होतं की इथून लाईन नेणं कठीण आणि भयंकर खर्चाचं. तरी १८८२ ला त्याच्या वरच्या भागातून नॅरोगेज नेलीच! आता तो पट्टा धरणाच्या पाण्याखाली आहे.

डॉ_कृष्णाकाठ

डेन्व्हरकर, मुलीला बिळांच्या फार जवळ जाऊ देऊ नका, हे डॉक्टर म्हणून सांगतोय.

या प्राण्यांना प्लेग होतो. तोच प्लेग जो १८९६ ला मुंबईत मांडवीत आला आणि १८९७ ला पुण्यात ज्याने घरंच्या घरं रिकामी केली. ती साथ १८९४ ला हाँगकाँगमध्ये होती, तिथून बोटींनी जगभर गेली, १९०० ला सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. शहरातल्या उंदरांवरून पिसवा तिथल्या रानखारींवर गेल्या आणि मग आत-आत सरकत प्रेअरी डॉगपर्यंत. त्यांच्या अंगात त्याला तोंड द्यायची काही ताकद नाही, एकदा शिरला की काही आठवड्यांत जवळजवळ सगळी वसाहत मरते. आता तिकडे बिळांत पिसवा मारायची पावडर फवारतात.

म्हणजे बघा, १८५३ ला कोचेटोपा खिंडीत जो प्राणी मिळाला त्याला प्लेग ठाऊकच नव्हता. माझ्या पणजोबांचं सगळं कुटुंब ज्या साथीत रानात झोपड्या बांधून राहिलं त्याच साथीची गोष्ट त्या बिळांत अजून चालू आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून होतो.

डेन्व्हरकर

डॉक्टर, धन्यवाद, आम्ही लांबच होतो, पण आता आणखी काळजी घेईन. मुंबई-पुण्याचा धागा इथपर्यंत येतो हे खरंच माहीत नव्हतं.

वाळूघड्याळ

मी भूशास्त्र शिकतेय, माझ्याकडून विल्यम ब्लेक.

हा विल्यमसनच्या कॅलिफोर्नियातल्या पथकाचा भूशास्त्रज्ञ. नोव्हेंबर १८५३ मध्ये हे लोक दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उतरले. चहूकडे वाळू, आणि ब्लेकला डोंगराच्या पायथ्याशी खडकावर एक आडवी रेघ दिसली, एकाच उंचीवर मैलोगणती गेलेली, रेघेच्या खालचा खडक चुन्याच्या जाड पापुद्र्याने मढलेला आणि वरचा कोरा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की कठड्याला आत जशी रेघ राहते ना, तशी. खाली वाळूत पायाखाली इवले इवले शिंपले, तेही गोड्या पाण्यातले. बॅरोमीटर वाचला तर जमीन समुद्रसपाटीच्या खाली. त्याने लिहिलं की इथे मोठं तळं होतं, कोलोरॅडो नदीने भरलेलं, आणि नदीचं पाणी परत इकडे वळवता येईल. १९०५ ला कालव्याचं तोंड फुटून अख्खी नदी त्या खोलगटात शिरली, दोनएक वर्षं वाहत राहिली आणि आजचा सॉल्टन समुद्र तयार झाला. बावन्न वर्षं आधी, रेल्वेचा चढ मोजायला गेलेल्या माणसाने एका रेघेवरून ओळखलेलं!

व्हिपलच्या पथकातला भूशास्त्रज्ञ मात्र ज्यूल मार्कू. तो मोहीम संपल्यावर दगड आणि टिपणं घेऊन युरोपला निघाला, युद्धखात्याने ती परत मागवून घेतली आणि अहवाल लिहायला ब्लेकला दिली. स्वतः न पाहिलेल्या मुलखाचा अहवाल! मला दोघांचंही वाईट वाटतं.

घाटवाटकाका, एक प्रश्न. उंची कशी मोजायचे? लेव्हल घेत एवढं अंतर कसं गेले असतील?

घाटवाट

सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. बेटा, लेव्हल घेत गेले नाहीत, शक्यच नव्हतं. पाऱ्याचा बॅरोमीटर. जवळजवळ मीटरभर लांब काचेची नळी, खाली पाऱ्याची वाटी, चामड्याच्या म्यानात घालून पाठीला लावून न्यायची. जितकं वर जाल तितका पारा उतरतो, त्यावरून उंची काढायची. अडचण ही की हवा बिघडली तरी पारा उतरतो, म्हणून तळावर दुसरा बॅरोमीटर ठेवून त्याच वेळचं वाचन घ्यायचं आणि वजाबाकी करायची. आणि खेचर एकदा उधळलं की नळी गेली. अंतराला गाडीच्या चाकावर फेरे मोजायचं यंत्र, अक्षांश-रेखांशाला रात्री तारे. एवढ्यावर त्यांनी जे चढ काढले त्या वाटांवरून पुढे उत्तरेची, सांता फेची आणि दक्षिणेची लाईन खरोखर गेली.

पण चुकलेही. कास्केड पर्वतात खिंड शोधायची जबाबदारी मॅक्लेलनकडे होती, हाच पुढे यादवी युद्धात सेनापती झाला. त्याने ऐकीव माहितीवरून सांगितलं की स्नोक्वाल्मी खिंडीत बर्फ फार, लाईन जमणार नाही, आणि मागे फिरला. जानेवारी १८५४ ला टिंकहॅम नावाचा इंजिनियर बर्फात चालायची खडावं पायात घालून खिंड ओलांडून आला, बर्फ निघाला सहा-सात फूट. सर्व्हेवाल्याने जागेवर जायचंच असतं. माझ्या पहिल्या साहेबांनी मला हेच शिकवलं होतं, आणि भोर घाटात १ ला ३७ चा चढ काढणाऱ्यांनी कुठे कुठे पाय ठेवला असेल ते त्या कड्याखाली उभं राहिल्यावर कळतं.

बरं, सुगरण, तुझं ते चिठ्ठीबद्दलचं वाचून काल माळ्यावरची जुनी फील्डबुकं काढली. मी वर लिहिलं की आम्ही काही नोंदलं नाही, ते पूर्ण खरं नाही असं दिसतंय. एका पानावर आहे: "आंब्यावर आग्यामोहोळ, स्टाफ पलीकडच्या अंगाने धरला." दुसऱ्या ठिकाणी: "नाला कोरडा, डोहात मगर, माणसं उतरायला तयार नाहीत." एकीकडे धनेशाची जोडी लिहिलीय, ते बहुतेक माझ्या खलाशाने दाखवलं असणार, त्याला सगळी पाखरं ठाऊक होती.

सुगरण

काका, त्या पानांवर तारीख आणि जागा आहे का?

घाटवाट

तारीख प्रत्येक पानावर असतेच, आणि जागा मीटरपर्यंत आहे.

सुगरण

मग ती वही परत माळ्यावर टाकू नका. सगळ्या पानांचे फोटो काढून मला पाठवा, मगरीचं पान आधी. आणि त्या खलाशाचं नाव आठवत असेल तर तेही लिहून पाठवा, नोंदीत घालते.

घाटवाट

नाव आठवतंय. हजेरीच्या पानावर त्याचा अंगठाही आहे. उद्या उजेडात फोटो काढतो.